लख्ख एक किलो

कामाचा अनुभव शंभर तासांचा हवा होता, आणि ताईच्या गाठीला शून्य तास होते.

ती भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. गुण चांगले होते, हजेरी पूर्ण होती, आणि तिच्या वह्यांच्या प्रती काढून निम्मा वर्ग पास होत असे. पण विद्यापीठाच्या रोजगार कक्षाबाहेर काचेच्या पेटीत जी नोटीस लागली, तिच्यात गुणांबद्दल चकार शब्द नव्हता. शंभर तासांच्या प्रत्यक्ष कामाचं प्रमाणपत्र असेल तरच उमेदवारीचा अर्ज घेतला जाईल. अंतिम मुदत, महिन्याचा शेवटचा शुक्रवार, सायंकाळी पाच.

ताईला एकाच जागी उमेदवारी करायची होती : मोजमापांच्या प्रयोगशाळेत. तिथे वर्षभर फक्त मोजायचं होतं, आणि मोजलेलं बरोबर आहे का, हे पुन्हा मोजायचं होतं. जगात असं काम असतं आणि त्याबद्दल वर पगारही देतात, हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

घरात तिला सगळेच ताई म्हणत. चुलत-मावस धरून अकरा भावंडांत ती थोरली, आणि अकरा जणांनी सतत ताई म्हटल्यावर आईबाबांचाही नाइलाज झाला होता.

रोजगार कक्षातल्या बाईंनी तिला फॉर्म दिला आणि बोटाने खालची रिकामी जागा दाखवली.

"इथे शिक्का. गोल हवा."

"गोलच का?"

"चौकोनी कोणीही करून घेतं."

गोल शिक्का करून घ्यायला कोणती विशेष पात्रता लागते, हे विचारावंसं ताईला वाटलं. पण खिडकीबाहेर रांग होती. तिने फॉर्म वाचला. त्यात दोन रकाने जाड अक्षरांत होते. एक, 'आत्मसात केलेली कौशल्ये'. दुसरा, 'पुढाकार (पाचपैकी)'.

मग तिने सव्वीस ठिकाणी चौकशी केली. त्यांपैकी एकोणीस जणांनी उत्तर दिलं नाही, आणि सात जणांनी एकच प्रश्न विचारला : "आधीचा अनुभव किती?"

"तोच घ्यायला आलेय," ताई म्हणाली.

"मग अनुभव घेऊन या," सातही जण म्हणाले.

शेवटी मार्ग निघाला तो बाबांच्या वजनामुळे. घरातला उभं राहून वजन करायचा काटा बाबांना सहा किलो जास्त दाखवतो, असं बाबांचं ठाम मत होतं. आईचं वजन तो बरोबर दाखवी, ताईचंही बरोबर दाखवी. आकस होता तो बाबांशीच. एका रविवारी बाबा तो काटा बगलेत मारून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने काट्यावर वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली आणि म्हणाला, "काटा बरोबर आहे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. बाबांना विषय बदलणं भाग होतं. समोर दिसेल तो विषय धरावा तसा त्यांनी ताईचा विषय धरला. मुलगी हुशार आहे, भौतिकशास्त्राला आहे, शंभर तास कुठे तरी बसायला जागा हवी आहे. दुकानदार म्हणाला, "येऊ दे."

अशा रीतीने बाबांच्या सहा किलोंवर ताईचं करिअर उभं राहिलं.

दुकान अरुंद आणि लांब होतं. पाटीवर 'काटे दुरुस्ती व तपासणी' एवढंच लिहिलेलं. आत भिंतीला लटकलेली पारडी, फळीवर उघडे पडलेले इलेक्ट्रॉनिक काटे, स्क्रू ठेवलेल्या औषधाच्या बाटल्या, आणि मध्ये काटेवाले काका. काका साठीचे होते आणि शब्द वजनकाट्यावर मोजून द्यावेत तसे बोलत. ताईला त्यांनी पहिल्याच दिवशी 'विद्यापीठ' म्हणायला सुरुवात केली. भिंतीवरच्या घड्याळात पाहून त्यांनी एका लांबट वहीत लिहिलं : 'विद्यापीठ. आगमन १२.००.' मग म्हणाले, "एकच नियम आहे. हात लावायच्या आधी विचारायचं."

संध्याकाळी हा नियम घरी सांगितला गेला, तेव्हा समोरच्या घरातले मुलाखतकाका नेमके आले होते. हे गृहस्थ तीस वर्षं कुठल्याशा कंपनीत लोकांच्या मुलाखती घेऊन निवृत्त झाले होते आणि आता मुलाखती घ्यायला माणसं मिळत नसल्यामुळे शेजाऱ्यांकडे येऊन बसत. ते हसले.

"अगं, ती परीक्षा असते! सगळेच साहेब असं म्हणतात. जो विचारत बसतो तो जन्मभर विचारतच बसतो. जो न सांगता काम करतो, त्याला वर घेतात. फॉर्मवर काय लिहिलंय? पुढाकार! पुढाकार काय विचारून घेतात?"

"पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय," ताई म्हणाली.

"स्पष्ट सांगतात तेव्हाच समजायचं," मुलाखतकाका म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं बोलणं एरवी आई मनावर घेत नसे. पण लेकीचा प्रश्न होता. तीही म्हणाली, "नुसती बसू नकोस गं. काही तरी स्वच्छ कर. स्वच्छता केलेली कोणाला नको असते?"

पहिले नऊ दिवस ताईला पुढाकार घ्यायला जागाच मिळाली नाही. ती बारा वाजता येई, चार वाजता जाई. काटे आले की नोंद करी, काकांना पान्हा देई, विचारल्याशिवाय काही करत नसे. काका रोज सकाळी बाजारातल्या दुकानांचे काटे तपासून येत आणि ताई आली की सांगत, "आज डेअरीचा केला," "आज भाजीवाल्यांचे केले." यापलीकडे संभाषण नव्हतं. फॉर्मवरचा तो जाड अक्षरांतला रकाना मात्र तिला चालता-बोलता दिसे.

आणि मग तिला ती पेटी दिसली.

पेटी दाराजवळ जमिनीवर होती. लाकडी, झाकणाचा एक बिजागर तुटलेला. आत खळग्यांत ओळीने पितळी वजनं : एक किलो, पाचशे ग्रॅम, दोनशे, शंभर, पार पाच ग्रॅमपर्यंत. सगळी काळीठिक्कर. ताईला गलबलून आलं. ज्या वजनांवर अख्ख्या बाजाराचा विश्वास, ती अशी उंबऱ्याशी, पायांत, धूळ खात! काका मोठे माणूस. पण शेवटी एकटे पुरुष, त्यांना कुठलं सुचायला?

दहाव्या दिवशी काका एका गोदामात मोठा काटा बसवायला गेले होते. ताई घरून तयारीनेच आली होती. आईने डब्यात दोन लिंबं, मीठ, भांडी घासायची बारीक पावडर आणि जुन्या दुपट्ट्याचं मऊ फडकं दिलं होतं. वर कृतीही सांगितली होती : आधी लिंबूमीठ, मग पावडर, मग कोरड्या फडक्याने चेहरा दिसेपर्यंत घासायचं. ताईने चेहरा दिसेपर्यंत घासलं. एक किलोच्या वजनात तर तिला तिच्यामागची भिंत आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसायला लागलं. मग तिने पेटी पुसली, बिजागराला तार बांधली, आणि पेटी समोरच्या फळीवर, येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशी उघडून मांडली.

काका आले. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हं," म्हणाले.

त्या 'हं'चा घरी रात्रीच्या जेवणापर्यंत कीस पाडण्यात आला. बाबांच्या मते तो समाधानाचा होता. आईने ताईकडून तीनदा म्हणवून घेतला आणि सांगितलं की, भारावून गेल्यावर माणूस असाच हुंकार देतो. मुलाखतकाकांनी डोळे मिटून ऐकला. "पाचपैकी पाच," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली असतीस, तर मीही एवढंच म्हटलं असतं."

पुढचे दोन आठवडे ताईचे फार सुखाचे गेले. एकच किरकोळ त्रास होता. दुकानाचं दार वाऱ्याने सारखं आपटायला लागलं होतं. पूर्वी ते आपटत असल्याचं तिला आठवत नव्हतं. काका ते सुतळीने खिळ्याला बांधत, गिऱ्हाईक येताना सुतळी सोडत, दार पुन्हा धाडकन आपटे. ताईने "काका, वारा वाढलाय का?" असं एकदा विचारलंही. काका म्हणाले, "वारा तेवढाच आहे."

वीज कोसळली ती बाविसाव्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या तासाला. परीक्षा जवळ आल्यामुळे सर पहिल्या वर्षाची उजळणी घेत होते. विषय निघाला वजनांचा. "तपासणीच्या वजनांना उघड्या हाताने कधीही स्पर्श करायचा नाही," सर म्हणाले. "आणि घासायचं तर मुळीच नाही. का?"

ताईने सवयीने हात वर केला. "बोटांच्या घामाने वजन वाढतं, सर. आणि घासल्याने धातू निघून..."

वाक्य तिथेच राहिलं.

हे तिला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, पहिल्या वर्षी याच प्रश्नाला तिला पाचपैकी पाच गुण होते. पण ते ज्ञान उत्तरपत्रिकेत होतं आणि लिंबं आईच्या डब्यात, आणि तीन वर्षांत या दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

उरलेल्या तासात तिने वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब केला. एक किलोच्या पितळी वजनाचं पृष्ठफळ सुमारे एकशे चौतीस चौरस सेंटिमीटर. लिंबू, मीठ, पावडर आणि आईचं 'चेहरा दिसेपर्यंत' धरून अर्धा मायक्रॉन थर गेला असं मानलं, तर छप्पन्न मिलिग्रॅम. नियमाप्रमाणे मुभा पन्नास मिलिग्रॅमची. म्हणजे वजन सहा मिलिग्रॅमने बेकायदेशीर! आणि त्या वजनाने काकांनी बारा दिवस बाजार तपासला होता. डेअरी. भाजीवाले. औषधांचं दुकान. औषधांचं दुकान आठवल्यावर तिने सगळा हिशोब पुन्हा करून पाहिला.

सांगावं, तर प्रमाणपत्र गेलं. न सांगावं, तर मोजमापांच्या प्रयोगशाळेत कोणत्या तोंडाने जायचं? पण ताई शास्त्राची विद्यार्थिनी होती. नुसत्या अंदाजावर कबुली कशी द्यायची? आधी मोजायला हवं होतं.

बुधवारी काका मागच्या बाजूला असताना तिने फळीवरचं एक किलो रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. विद्यापीठाची प्रयोगशाळा साडेचारला बंद होई, म्हणून ती वीस मिनिटं आधीच, काकांना "जरा काम आहे" सांगून निघाली. विद्यापीठाच्या गेटवर वॉचमनने पिशवी उचलून पाहिली.

"काय आहे यात?"

"एक किलो."

"कशाचं?"

"कशाचं नाही. नुसतं एक किलो."

वॉचमनने तिच्याकडे, मग पिशवीकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे एक किलो काय?"

"म्हणजे एक किलोच. दुसरं काही नाही."

त्याने रुमाल सोडून पाहिला, वजनात स्वतःचं तोंड दिसल्यावर मिशीवरून हात फिरवला आणि तिला सोडलं. पण रजिस्टरमध्ये 'वस्तू' या रकान्यात काय लिहायचं, यावर आणखी चार मिनिटं गेली.

प्रयोगशाळेच्या मावशींनी आधी अर्ज मागितला. बाहेरची वस्तू विद्यापीठाच्या तराजूवर तोलायची तर विभागप्रमुखांची सही लागते, विभागप्रमुख रजेवर आहेत, आणि रजेवरच्या माणसाची सही सोमवारी मिळते. ताईचा चेहरा पाहून मावशी विरघळल्या. "ठेव. पण मी पाहिलं नाही," म्हणाल्या आणि चष्मा लावून पाहायला पुढे आल्या.

आकडे हलले, स्थिरावले. नऊशे शहाण्णव पूर्णांक दोन.

ताईने वजन उचलून पुन्हा ठेवलं. नऊशे शहाण्णव पूर्णांक दोन.

"हे वजन आहे की वजनाची आठवण?" मावशी म्हणाल्या.

जवळजवळ चार ग्रॅम! हिशोब छप्पन्न मिलिग्रॅमचा होता आणि तूट त्याच्या जवळजवळ सत्तर पट. एरवी ताईला लगेच दिसलं असतं की, जुन्या दुपट्ट्याच्या फडक्याने चार ग्रॅम पितळ काढायला माणसाला पन्नाशी गाठावी लागेल. पण चोराच्या मनात चांदणं. तिला एवढंच वाटलं की, आपण घासतो तेव्हा आपल्याला आपल्या ताकदीची कल्पना राहत नाही.

गुरुवारी ती दुकानात शिरतेय तोच बाजारातले सोनार काउंटरला टेकून उभे असलेले दिसले.

"काका, तुम्ही परवा तपासून दिलात आणि आज काटा चुकतोय! तीच अंगठी सकाळी एक दाखवतो, दुपारी एक!"

"उद्या येतो," काका म्हणाले.

त्या चार तासांत ताईने नोंदवहीत दोनदा स्वतःच्याच घरचा पत्ता लिहिला. घरी गेल्यावर तिने सगळं सांगितलं. आई म्हणाली, "लिंबू जास्त झालं का?" बाबा म्हणाले, "तरीच! म्हणजे आपला काटाही त्याच वजनांनी तपासला असणार!" आपला काटा त्याच्या कितीतरी आधी तपासला होता, हे सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं. मुलाखतकाकांनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघ. आधी सही घ्यायची, मग सांगायचं. क्रम महत्त्वाचा."

ताईने पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही.

शुक्रवार, शंभराव्या तासाचा दिवस. ती बाराच्या ठोक्याला दुकानात पोचली. काका पिशवी खांद्याला लावून उभे होते. "चल, सोनाराकडे."

रस्त्यात चपलांचं दुकान गेलं, पोस्टाची पेटी गेली, आणि त्यानंतरच्या वळणावर ताईने एका श्वासात सगळं सांगितलं. लिंबू, मीठ, पावडर, अर्धा मायक्रॉन, रुमाल, वॉचमन, नऊशे शहाण्णव पूर्णांक दोन. पिशवीतून वजन काढून दाखवलंही. "तुम्ही सही केली नाही तरी चालेल," ती म्हणाली. चालणार नव्हतं, हे तिच्या आवाजावरून रस्त्यावरच्या कोणालाही कळलं असतं.

काकांनी वजनाकडे पाहिलं.

"हं," म्हणाले, आणि चालू लागले.

सोनारांचा काटा काचेच्या घरात बसवलेला, नाजूक होता. तो एका नव्याकोऱ्या टेबलावर होता. सोनार तक्रार सांगत होते, काका ऐकत होते, आणि ताई सवयीने काट्याच्या पायांशी पाहत होती. तिथे एक गोल बुडबुडा असतो, काटा सपाट बसला की तो मधल्या वर्तुळात येतो. हा बुडबुडा वर्तुळ सोडून पार कडेला जाऊन बसला होता.

"टेबल कधी बदललंत?" तिने विचारलं.

"मंगळवारी. का?"

ताईचा हात पुढे झाला. मग थांबला. "काका, हात लावू?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. पंचवीस दिवसांत त्यांनी तिच्याकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं. "लाव."

तिने पायांचे स्क्रू फिरवले. बुडबुडा आळस झटकत मध्यभागी आला. मग काकांनी आपल्या पिशवीतून एक पेटी काढली. काळी, कुलपाची, आत मखमल. मखमलीत चकचकीत पोलादी वजनं बसलेली, बाजूला चिमटा आणि पांढरे हातमोजे. काकांनी हातमोजे चढवले, चिमट्याने एक वजन पारड्यात ठेवलं. काट्याने नेमका तोच आकडा दाखवला. सोनारांनी अंगठी ठेवली, काढली, ठेवली. सोनार खूष झाले.

ताई मात्र त्या मखमलीकडे पाहत राहिली होती.

"काका, ही कुठली पेटी?"

"तपासणीची. कपाटात असते. कुलपात."

"मग... ती?"

"ती रद्दी. आठ वर्षांपूर्वी वजनमाप कार्यालयाने बाद केली. झिजली होती."

"मग दुकानात कशाला?"

"दाराला लावायला," काका म्हणाले. "वाऱ्याने आपटतं ना."

डेअरी, भाजीवाले, औषधांचं दुकान, एकेक जण ताईच्या डोळ्यांसमोरून आपापला शाबूत काटा घेऊन निघून गेला. तिला आधी हलकं वाटलं आणि मग राग आला.

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस का?"

"आणि पेटी परत दाराला का नाही लावलीत? पंधरा दिवस दार आपटतंय!"

काका हातमोजे काढत होते. एकेक बोट सोडवत म्हणाले, "इतक्या हौसेनं मांडली होतीस."

मग दुकानाकडे परतताना, त्या मानाने फारच लांब भाषण त्यांनी केलं. आजवर पाच शिकाऊ आले. पाचांनीही ती पेटी साफ केली. एकाने तर चंदेरी रंग दिला होता. "पण येऊन सांगणारी तू पहिली," ते म्हणाले, आणि भाषण संपलं.

दुपारी चार वाजता ताईने फॉर्म पुढे ठेवला. विद्यापीठ पंचवीस मिनिटांवर. मुदत पाचची. काकांनी लांबट वही काढली, बोट फिरवत बेरीज केली, पुन्हा केली.

"नव्याण्णव तास चाळीस मिनिटं."

"हो... बुधवारी मी वीस मिनिटं आधी..."

"वीस मिनिटं बाकी आहेत."

"काका, पाचला खिडकी बंद होते!"

"मी कमी वजनाला पुरं म्हणत नाही," काका म्हणाले. "तीस वर्षांत म्हटलेलं नाही. बस."

ताई बसली. वीस मिनिटांत करायला कामही दिलं गेलं : फळीवरची पेटी दाराला लावायची. तिने पेटी उतरवली, उंबऱ्याशी ठेवली, सुतळी सोडली. वारा आला; दार हललं नाही. पंधरा दिवसांनी दुकानात शांतता झाली आणि त्या शांततेत घड्याळाची टिकटिक फारच स्पष्ट ऐकू येऊ लागली.

चार वाजून तेरा मिनिटांनी काकांनी शिक्का काढला. शिक्का चौकोनी होता.

"गोल लागतो," ताई म्हणाली, आणि आपण हे पंचवीस दिवसांत एकदाही कसं विचारलं नाही, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

काकांनी क्षणभर विचार केला. ताईच्या पिशवीतलं एक किलो मागून घेतलं. त्याच्या तळाला गोल उंच कड होती. ती त्यांनी शाईच्या गादीवर टेकवली, फॉर्मवर दाबली, उचलली. स्वच्छ, नेमकं वर्तुळ उमटलं. त्याच्या बरोबर मध्ये त्यांनी आपला चौकोनी शिक्का मारला.

"शिक्का माझा, वजनही माझं," काका म्हणाले. आणि थोडं थांबून, "काळ्या वजनाचा इतका साफ ठसा उठला नसता."

मग त्यांनी रकाने भरले, अगदी सावकाश. चार वीसला सही केली. एक किलो पुसून तिच्या हातात दिलं. "हे ठेव. दाराला बाकीची पुरतात."

ताईने फॉर्म न वाचताच धूम ठोकली. चार सेहेचाळीसला गेटवर वॉचमन आडवा आला. पिशवीला हात लावताच त्याचा चेहरा ओळखीने उजळला.

"परत एक किलो?"

"नाही," ताई धापा टाकत म्हणाली. "नऊशे शहाण्णव पूर्णांक दोन ग्रॅम."

वॉचमनने रजिस्टर उघडलं, पेन झटकलं, मग पेन खिशाला लावून टाकलं. "एक किलोच्या आत आहे ना? मग जा."

खिडकीवर चार त्रेपन्न झाले होते. बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला. वर्तुळावरून बोट फिरवलं.

"शिक्का गोल आहे, पण आत चौकोनी आहे."

"हो."

"असा पहिल्यांदा पाहतेय." त्यांनी नियमाचं पुस्तक उघडायला हात नेला, घड्याळाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "गोल आहे म्हणजे गोल आहे." मग त्या मोठ्याने वाचू लागल्या. "एकूण तास : शंभर तास शून्य मिनिटे. आत्मसात केलेली कौशल्ये : हात लावण्याआधी विचारते. आजपासून. चूक झाली तर स्वतः येऊन सांगते. पुढाकार : पाचपैकी पाच. कमी करावा."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ताईला वाटलं, संपलं.

"पाचपैकी पाच कोणाला पडत नाहीत हो," बाई म्हणाल्या आणि धाडकन 'स्वीकृत'चा शिक्का मारला. तो चौकोनी होता.

घरी मुलाखतकाका दारातच वाट पाहत होते. "पाचपैकी पाच? मी म्हणालो होतो!" ते म्हणाले, आणि 'कमी करावा' हे शब्द त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले. आईने सगळ्यांसाठी चहा टाकला. ताई पाय पसरून जमिनीवरच बसली. पंचवीस दिवसांत पहिल्यांदाच तिला काही स्वच्छ करावंसं वाटत नव्हतं.

बाबा मात्र आतून आपला काटा घेऊन आले. "तुझ्याकडे वजन आहे ना आता? बघू, सोक्षमोक्ष लावून टाक."

ताईने लख्ख एक किलो काट्याच्या मधोमध ठेवलं. काटा सरकला आणि एकाच्या आकड्यावर उभा राहिला.

"बरोबर आहे, बाबा."

"कसलं बरोबर!" बाबा विजयाने म्हणाले. "तूच म्हणालीस, हे वजन खोटं आहे म्हणून!"

"चार ग्रॅमनी, बाबा," ताई म्हणाली. "तुमची तक्रार सहा किलोंची आहे."

बाबांनी वजनाकडे पाहिलं, त्यात दिसणाऱ्या स्वतःच्या रुंद चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चहात साखर घालायला निघालेल्या आईला हाताने थांबवलं.